अर्ध्यावर थांबलेली गोष्ट

फार पूर्वी, उत्तरेकडच्या एका बर्फाळ बेटावर आयनू लोकांचं एक गाव होतं. तिथं एक म्हातारी राहायची. मुलं तिला हुची म्हणायची, म्हणजे आजी. तिला एक लांबलचक गोष्ट पाठ होती. ती गोष्ट येणारी गावात आता हुची एकटीच उरली होती.

मुलं शाळेत परकी भाषा शिकली आणि घरची विसरली. मोठ्यांना तर घरची भाषा बोलायची लाजच वाटायची. आता बोला!

एका दुपारी मुलं हुचीच्या शेकोटीभोवती जमली. तिनं परक्या भाषेत गोष्ट सुरू केली. इवल्याशा होडीतून एक मुलगी निघाली. समोर राक्षसी मासा आला. त्यानं जबडा वासला... आणि हुची गप्प!

"पुढे काय झालं?" मुलं ओरडली.

"आपल्या भाषेत विचारा, मग आपल्याच भाषेत सांगते."

मुलं फुरंगटून निघून गेली. हुचीची सून वैतागली. "अहो आई, सांगून टाका की सगळी! उद्या तुमचं काही बरंवाईट झालं, तर गोष्ट तुमच्याबरोबरच जायची."

हुची हसली. "अस्वलाच्या रूपात पाहुणा आलेल्या देवाला निरोप देताना आपण गोष्ट अर्ध्यावर थांबवतो. उरलेली ऐकायला देव परत येतो. मग ही तर पोरं आहेत!"

पण आठ दिवस कुणी फिरकलं नाही. त्यात हुचीला ताप भरला. सुनेचा जीव टांगणीला लागला.

नवव्या दिवशी मुलं सुनेकडे आली. "काकू, 'पुढे काय झालं' हे आपल्या भाषेत कसं विचारतात?"

सुनेनं कित्येक वर्षांत ती भाषा तोंडातून काढली नव्हती. आधी ती लाजली, मग म्हणाली, "नुसतं विचारून काय उपयोग? उत्तर कळायला नको?" हिवाळाभर तिनं शिकवलं. होडी, लाट, मासा, भाला.

बर्फ वितळला. हुची बरी होऊन शेकोटीपाशी बसली. मुलांनी आयनू भाषेत, चुकतमाकत, पण एका सुरात विचारलं, "पुढे काय झालं?"

हुचीला रडू कोसळलं. मग डोळे पुसून तिनं खणखणीत आवाजात गोष्ट पुढे नेली. मुलं शेकोटीच्या लाकडी चौकटीवर काठ्यांनी ठेका धरू लागली. मुलीनं भाला मारला, मासा बुडाला आणि "हेत! हेत!" अशा शाबासकीच्या आरोळ्यांनी घर दणाणलं. सगळ्यांत मोठा आवाज सुनेचा होता.

पुढच्या हिवाळ्यात सुनेनं तीच गोष्ट धाकट्या मुलांना सांगितली. माशानं जबडा वासला, तिथं तीही गप्प बसली.

तात्पर्य: जिच्यावाचून कुणाचं तरी अडतं, ती भाषा मरत नाही.