जुन्या ईमेलवर धाडलेला नकार

शुद्धलेखन चुकलं तर सांभाळून घ्या. शब्दही साधेच आहेत.

हणमंताची वायरमनची परीक्षा परवावर आली, तरी हॉलतिकीट निघेना. त्याच्या ऑनलाइन खात्याला जोडलेला ईमेल तो शिकाऊ होता त्या कारखान्याचा होता. कारखाना बंद पडला, ईमेलही गेला. नवा जोडायला जावं, तर ओटीपी जुन्यावरच जाई. शेवटी ईमेल बदलण्याचा अर्ज घेऊन चौथ्यांदा तो परीक्षा कार्यालयात आला.

"जुन्या ईमेलवरून अर्ज कर. नियम आहे," कुलथे साहेब म्हणाले.

"तो बंद झालाय, साहेब."

"असं तू म्हणतोस. पुरावा कुठाय? अर्ज नामंजूर."

"मग नकार लेखी द्या."

साहेब हसले. "लेखी नकार नोंदलेल्या ईमेलवरच जातो, बाळा."

"तिथंच पाठवा की. मी थांबतो."

साहेबांनी ऐटीत नकार पाठवला. मिनिटभरात तो त्यांच्याच कॉम्प्युटरवर परत आला. खाली लिहिलं होतं, 'हा पत्ता अस्तित्वात नाही.'

"साहेब, माझं म्हणणं खोटं धरा," हणमंत शांतपणे म्हणाला. "तुमचा कॉम्प्युटर काय म्हणतोय, तेवढं अर्जाला जोडा."

साहेबांनी परत आलेला नकार छापून अर्जाला जोडला आणि नवा ईमेल नोंदवून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हणमंतानं हॉलतिकीट छापून घेतलं, पक्कड आणि टेस्टर पिशवीत टाकले आणि परीक्षेच्या गावची एसटी धरली.