दवंडीगणिक दगड

एका राज्यात उदंडसेन नावाचा राजा होता. बोलण्यात शूर, करण्यात आळशी. डोंगरावरच्या मांत्रिकाकडून त्याने तीन दिवसांच्या बोलीवर एक मणी आणला, मिरवला आणि नौकाविहारात तळ्यात पाडला. "काढून देतो," म्हणता म्हणता सात वर्षं लोटली. मांत्रिक कोपला.

"राजा, तू जितकं बोलशील आणि करणार नाहीस, तितकी तुझी लेक दगड होईल. स्वतःच्या हातांनी गाळ उपस, मणी काढ, माझ्या दारी येऊन क्षमा माग. तरच ती सुटेल."

राजकन्या कुंदावती बागेत फुलं वेचत होती. तिची पावलं जागच्या जागी दगड झाली.

राजाने डोळे पुसले आणि दवंडी पिटवली, "ऐका हो ऐका! महाराज उद्या गाळ उपसणार!" प्रजेने गुलाल उधळला, भाटांनी पराक्रमाचं कवन रचलं. ते ऐकून राजा इतका तृप्त झाला, की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झोपला. कुंदावती गुडघ्यापर्यंत दगड झाली.

दुसरी दवंडी मण्याची. पुन्हा गुलाल, पुन्हा पंगती. कंबर गेली.

तिसरी क्षमेची. खांदे गेले; हातातली परडीसुद्धा दगडाची झाली.

"आबासाहेब," कुंदावती कडाडली, "आता पुरे!"

"बाळ, आम्ही सगळ्या प्रजेला साक्षी ठेवलं."

"प्रजा जेवली आणि घरी गेली. काम झालं का, हे विचारायला एक तरी आला?"

राजा मुकुट सारखा करू लागला.

"चौथी दवंडी पिटलीत, तर माझी जीभ जाईल. मग तुम्हाला बोलायलाही कुणी उरणार नाही." तिच्या दगडी खांद्यावर एक साळुंकी बसली होती. "हिला सांगा. फक्त हिलाच."

राजाने मान खाली घालून सांगितलं, "उद्या सूर्य माथ्यावर येईतो शंभर पाट्या गाळ."

"बघू," साळुंकी म्हणाली.

पहाटे ती राजाच्या उशाशी हजर. "उठलात?" तळ्याकाठी राजा जरा टेकला, की, "किती झाल्या?"

"दहा."

"नऊ."

"अगं, आम्ही राजे आहोत!"

"ते मी विचारलं नाही."

राजा रोज दातओठ खात उपसत राहिला. दगड वर चढायचा थांबला. एकविसाव्या दिवशी तळ लागला. मण्यावर नाग वेटोळं घालून बसला होता.

"न्या एकदाचा," नाग वैतागून म्हणाला. "सात वर्षं अंग आखडलंय."

राजा चिखलाच्या अंगानेच डोंगर चढला. मणी मांत्रिकाच्या दारात ठेवून त्याने हात जोडले. "चुकलो. क्षमा करा."

"फार उशीर केलास."

"केला," राजा म्हणाला. पुढे एक शब्दही त्याने जोडला नाही.

तत्क्षणी शाप फिटला. बागेत कुंदावतीने गुडघे चोळले. परडीतली फुलं ताजीच होती. राजा परतला, तसा दवंडीवाला ढोल सावरत धावत आला. "महाराज, विजयाची दवंडी पिटू?"

राजाने तोंड उघडलं. कुंदावतीने नुसतं त्याच्याकडे पाहिलं.

"उत्तरेचा काठ राहिलाय," साळुंकी म्हणाली.

राजाने पाटी उचलली. दुसरी दवंडीवाल्याच्या हातात दिली.

तेव्हापासून त्या राज्यात आधी काम होतं, मग ढोल वाजतो. ढोल क्वचितच वाजतो. पण तळं काठोकाठ भरलेलं असतं.