खांबाजवळची मुलगी

एका चातुर्मासात मी जरा वेगळाच नेम धरला होता. आमच्या आळीत कोणी वांगं सोडलं होतं, कोणी रोज दारात गोपद्मं काढत होतं. मी तुळशीपुढे हात जोडले आणि म्हटलं, "माते, रोज एका अशा लेकराला नावाने हाक मारीन, ज्याला कोणी हाक मारत नाही." शेजारणी हसल्या. "हा कसला गं नेम? याची काही कहाणी तरी आहे का?" म्हटलं, आहे तर! बसा, सांगते.

फार पूर्वी एका राज्यात खो-खोचं भारी वेड होतं. राजाचा मुलींचा एक मोठा संघ होता. देवीच्या जत्रेत तो शेजारच्या राज्याशी खेळायचा आणि जो जिंकेल त्याला देवीपुढची मानाची ढाल मिळायची. या मोठ्या संघासाठी गावोगावी लहान संघ होते. लोक त्यांना 'अढी' म्हणत. कैऱ्या जशा गवतात घालून पिकवतात, तशा मुली तिथे खेळून खेळून तयार व्हायच्या. पिकलेली मुलगी राजाच्या संघात जायची. वय उलटून गेलं की मात्र अढीतून उठायचं आणि गुपचूप घरी जायचं.

पण ढाल काही केल्या घरी येत नव्हती. निवड करायला जाणारे दरबारी मांडवात बसून सरबत पीत आणि जी सगळ्यांत जोरात पळेल तिच्यावर बोट ठेवून परत येत. शेवटी राजाने एका म्हाताऱ्या बाईला बोलावलं. तरुणपणी ती याच संघातून खेळली होती. सगळे तिला मावशी म्हणत.

"मावशी, एकच जागा रिकामी आहे," राजा म्हणाला. "एकच मुलगी आणा, पण ढाल घेऊन येईल अशी आणा."

मावशीने देवीची ओटी भरली, पदर खोचला आणि निघाली.

फिरत फिरत ती एका गावी पोचली. तिथे एक मुलगी अशी पळायची की बघणाऱ्याची मान दुखावी. गाव तिला 'वीज' म्हणायचं. तिच्या शेजारी, ओळीच्या अगदी टोकाला, खांबाजवळ आणखी एक मुलगी बसायची. तिचं नाव विचारलं तर लोक डोकं खाजवत. "ती होय? ती खांबाजवळची!" अढीतलं तिचं हे शेवटचं वर्ष होतं. यंदा निवड झाली नाही तर तिचा खेळ संपणार होता.

मावशीने खेळ शिकवणाऱ्या गुरुजींच्या कानात सांगितलं, "आजच्या डावात या दोघींना खो मिळू देऊ नका. का ते विचारू नका."

डाव सुरू झाला. सगळं गाव पळणारीकडे बघत होतं. मावशी तेवढी बसलेल्या मुलींच्या ओळीकडे तोंड करून बसली.

"अहो मावशी, खेळ तिकडे चाललाय!" पाटील म्हणाले.

"पळणारीला बघायला तुम्ही आहात की," मावशी म्हणाली. "मला बसलेल्या बघू देत."

वीज थोडा वेळ नीट बसली. मग वेणीशी खेळू लागली. मग धुसफुसायला लागली. "ए, मी दिसत नाही का तुम्हाला? मला द्या ना खो!" आणि एकदा पळणारी अगदी समोरून गेली, तशी ती खो न मिळताच उठून धावली. पंचांनी हात वर केला. चूक! खो मिळाल्याशिवाय उठायचं नाही, हे तर लहान पोरालाही ठाऊक.

खांबाजवळच्या मुलीलाही खो मिळत नव्हता. पण तिच्या टाचा उचललेल्या होत्या. नजर पळणारीवर होती. मधूनच ती मैत्रिणींना सांगायची, "सावध गं, ती आता उजवीकडे वळणार."

डाव संपल्यावर मावशीने तिला जवळ बोलावलं. "खो येत नव्हता, मग पूर्ण वेळ अशी ताठ का बसलीस, बाळ?"

"तो कधी येईल ते माझ्या हातात नाही ना, मावशी," ती म्हणाली. "पण आला आणि मी पेंगत असले तर? देणारीची मेहनत वाया जायची."

मावशीने तिचीच निवड केली. गाव खवळलं. "म्हातारीची नजर गेली! विजेला सोडून खांब घेऊन चालली!"

वीज रडत होती. मावशीने तिचे डोळे पुसले. "तुला टाकलं नाही गं मी. आंब्याला रंग आला म्हणजे तो गोड झाला असं नाही. देठाशी अजून आंबट आहेस. थोडं अढीत बस."

जत्रेचा दिवस आला. शेजारच्या राज्याची शेवटची खेळाडू काही केल्या बाद होईना. ती मधल्या मध्ये घोळवत राहिली, त्यामुळे टोकाला बसलेल्या आपल्या मुलीला खो मिळालाच नाही. घटिकापात्र पाण्याने भरत आलं. ते बुडालं की वेळ संपली, ढाल गेली!

पाठलाग करणारी अगदी जवळ पोचली, तशी ती खेळाडू टोकाकडे पळाली. तिने विचार केला, 'ही खांबाजवळची आज एकदाही उठलेली नाही. हिचे पाय आखडले असणार.' आणि तिच्या शेजारून ती ओळीच्या पलीकडे निसटली.

पाठलाग करणारीला ओळ ओलांडता येत नव्हती. तिने खांबाजवळच्या मुलीच्या पाठीवर हात मारला. "खो!"

तो शब्द पुरता संपायच्या आत मुलगी उठली, झेपावली आणि तिची बोटं पळणारीच्या पाठीला टेकली.

बाद! तिकडे पात्र बुडालं आणि इकडे ढोल कडाडले. राजा सिंहासन सोडून मैदानात धावला. "अरे, हिचं नाव काय? नाव सांगा कोणीतरी!"

दरबारी डोकं खाजवू लागले. तेवढ्यात गर्दीतून एक पोर दुसऱ्याच्या खांद्यावर चढून ओरडली, "केतकी! तिचं नाव केतकी! मी तिच्या शेजारी बसते!"

ती वीज होती. हसत होती आणि रडतही होती. मग सगळं मैदान गर्जू लागलं, "केतकी! केतकी!" ढाल हातात घेऊन केतकी आधी धावली ती विजेकडे.

मावशी देवीपुढे वाकून हळूच म्हणाली, "आई, दुसरीही पिकली बरं का." पुढच्या जत्रेला दोघी शेजारी शेजारी बसल्या आणि ढाल घरातून हलली नाही.

तात्पर्य: माणसाची पारख तो पुढे असताना होत नाही, वाट बघताना तो कसा बसतो त्यावरून होते.

देवी केतकीला पावली तशी तुमच्या-आमच्या लेकरांना पावो. आता कहाणी ऐकलीत ना? मग माझं एवढं ऐका. उद्या सकाळी दिवा लावाल, तेव्हा तुमच्या आसपासचं असं एक लेकरू आठवा, ज्याचं नाव कोणी घेत नाही, आणि त्याला नावाने हाक मारा.