हैबतीचा लेप

एका गावात एक भोळा गुराखी होता. त्याचं नाव हैबती.

हैबतीच्या आईचे गुडघे सुजले होते. दुखणं जुनं, पण घोर नवा. लेकीच्या बाळाचं बारसं जवळ आलं होतं. पाळण्याशेजारी बसून बाळ खालून पलीकडे द्यायचं, हा आजीचा मान. खाली बसता आलं नाही, तर विहीणबाई तो मान आपल्या बहिणीला देणार होत्या. तसा निरोप त्यांनी मोठ्या प्रेमाने पाठवलाही होता.

गावचे वैद्यबुवा फार हुशार. औषध देत, पण ते कसं वापरायचं हे सांगण्यात वेळ घालवत नसत.

"हा निर्गुडीचा पाला. आईला दे."

हैबतीने त्याची भाजी करून वाढली.

आई थू थू करत म्हणाली, "अरे, हा गरम करून गुडघ्याला बांधायचा!"

"असं होय! आता नाही चुकणार."

मग वैद्यबुवांनी सुंठेचा काढा दिला. हैबतीने तो गरम केला, फडक्यात ओतला आणि गुडघ्याला बांधला. सगळा काढा गोधडीत गेला. गोधडीला गुडघे असते, तर ते नक्की बरे झाले असते.

"अरे, हा गाळून पाजायचा!"

"असं होय! आता नाही चुकणार."

मग मिळाला आंबेहळदीचा लेप. हैबतीने तो गाळून पाजला. आईचे दात सोन्याचे दिसू लागले.

"अरे मेल्या, जिथे लाल होऊन फुगलंय तिथे लेप थापायचा! वर एरंडाचं पान घट्ट बांधायचं. माणूस ओरडलं तरी सोडायचं नाही!"

"असं होय! आता मुळीच नाही चुकणार."

तोवर बारसं आलंच. हैबती लेप, पानं आणि आई घेऊन निघाला.

विहीणबाई दारातच म्हणाल्या, "तुम्ही आपल्या खाटेवर बसा हो. तुमचे गुडघे कुठले वाकायला!"

"मोडले तरी चालतील," आई म्हणाली. "पण बाळ मीच देणार."

विहीणबाईंचे गाल रागाने लालबुंद झाले, टम्म फुगले.

हैबतीने पाहिलं. लाल होतं. फुगलंही होतं. त्याने दोन्ही गालांवर लेप थापला आणि हनुवटीपासून डोक्यापर्यंत फडक्याने पान करकचून बांधलं. विहीणबाई ओरडल्या. त्याने सोडलं नाही.

आई कण्हत, हसत खाली बसली. बाळ पाळण्याखालून गेलं. विहीणबाईंनी हरकत घेतली नाही. त्यांचं तोंडच उघडत नव्हतं.

"आई, पान आता सोडू का गं?"

"नको रे, राजा," आई म्हणाली. "जेवणं होऊ देत."