आप्पांची कवळी आणि केरबाचे दात

एकदा एक शिष्य रक्ताळलेला रुमाल तोंडाला लावून गुरूंच्या दारात उभा राहिला. शिष्याचं नाव केरबा. गुरू म्हणजे देवळात रोज पहाटे सनई वाजवणारे वृद्ध आप्पा गुरव.

"काय रे, पडलास काय कुठं?"

केरबानं रुमाल काढला. वरचे समोरचे चारही दात नाहीसे! आणि चेहऱ्यावर हसू.

"बाजारातल्या दातवाल्याकडून काढून घेतले, आप्पा. दात धडधाकट, तो काढेचना, हातापाया पडलो. आता लागेल तुमच्यासारखा सूर."

आप्पा मटकन खाली बसले. "अरे देवा! काय करून बसलास हे!"

झालं होतं असं. आप्पा सनई हाती घेण्यापूर्वी आपली कवळी काढून पाण्याच्या भांड्यात ठेवत, आणि मग असा सूर लागे की घंटेकडे गेलेला भाविकाचा हात तिथंच थांबे. केरबा आठ वर्षं हे पाहत होता. त्याची बोटं तयार झाली, सूर मात्र येईना. यंदाच्या यात्रेत प्रथमच त्याला एकट्यानं वाजवायचं होतं. शहाण्यानं ठरवलं, सगळं मर्म त्या भांड्यातच आहे!

आप्पा उठले. भांड्यातली कवळी त्यांनी तोंडात बसवली आणि सनई ओठाला लावली. केरबाला वाटलं, म्हाताऱ्याचं भान सुटलं.

सूर आला. तोच, तसाच भरलेला.

केरबानं रिकाम्या भांड्यात डोकावून पाहिलं. "मग... मग रोज काढत का होता?"

"हिरड्या दुखतात रे पहाटे!" आप्पा म्हणाले. "एवढंच! माझे दात पडले तेव्हा वर्षभर सनईतून नुसती फुसफुस निघायची. ओठांना नव्यानं शिकवलं, तेव्हा कुठं सूर आला. ते तू पाहिलंच नाहीस. आठ वर्षं माझं तोंड न्याहाळलंस, पण एकदाही विचारलं नाहीस. आणि विचारशील कसा? गुरूला उलट प्रश्न करू नये, हे मीच तुझ्या डोक्यात भरवलं."

केरबा हमसाहमशी रडला. यात्रा त्याच्याविना पार पडली.

जखमा भरल्यावर आप्पांनीच त्याला शहरातल्या दंतवैद्याकडे नेऊन चार दातांची कवळी करून आणली. दुसऱ्या दिवशी दोघं समोरासमोर बसले. केरबानं सनई उचलली आणि तो थांबला.

"आप्पा, एक विचारू? दम कुठून धरायचा?"

आप्पांनी डोळे पुसले. सनईविषयी केरबानं विचारलेला हा पहिलाच प्रश्न होता.

गुरूवर श्रद्धा अवश्य ठेवावी. पण काय विचारायचं ते दात शाबूत आहेत तोवर विचारून घ्यावं.