लेकीच्या वाटेची कमान

मंडळी, इथं जरा थांबा. कमान वर कशी घोटीव आहे बघा, आणि दोन्ही बाजूंचा तट मात्र तुटका, खडबडीत. दार तर नाहीच. संस्थानच्या बागेला असं प्रवेशद्वार का, त्याची हकिकत आमच्याकडे सांगतात.

फार पूर्वी ही बाग फक्त राजवाड्याची होती. गोजरा नावाची माळीण तिची राखण करायची. तिची लेक चंद्रा लहानपणी तटाच्या खिंडारातून आत-बाहेर पळायची. पुढे राजकन्येचं लग्न दूर, कर्नाटकाच्याही पलीकडे झालं आणि सोबतीण म्हणून चंद्रालाही धाडलं. निघताना ती खिंडाराशी थांबून म्हणाली म्हणे, "आई, मी याच वाटेनं येईन. बुजवू देऊ नकोस."

त्यानंतर निरोप आला नाही. ना राजाच्या लेकीचा, ना माळिणीच्या लेकीचा.

वर्षं लोटली. राजानं बाग रयतेला खुली करायचं ठरवलं आणि सिदोजी पाथरवटाला खिंडाराच्या जागी महाद्वार बांधायला सांगितलं. दोन बाजूंना हत्ती, पितळी खिळ्यांचं दार. सिदोजी मापं घेऊ लागला, तशी गोजरा आडवी आली.

"बाबा, माझ्या लेकीला दुसरी वाट ठाऊक नाही रे."

सिदोजीनं हत्ती घडवलेच नाहीत. तुटक्या कडांना छिन्नी न लावता त्यानं वर फक्त कमान तोलली.

राजा पाहायला आला आणि संतापला. "हे कसलं महाद्वार? दार कुठंय?"

सिदोजीनं हात जोडले. "सरकार, या माउलीची लेक यायची आहे. ती आली आणि दार लागलेलं असलं तर?"

राजानं गोजराकडे पाहिलं. तिची लेक कुणासोबत गेली, ते त्याला आठवलं. बराच वेळ तो बाहेरच्या रस्त्याकडे बघत राहिला, असं सांगतात. मग एवढंच म्हणाला, "राहू दे वाट उघडी."

त्या दोघी काही आल्या नाहीत. म्हातारपणी गोजरा कमानीखालीच बसायची. परमुलखातली बाई दिसली की उठून उभी राहायची. राजाही कधीमधी पायी यायचा, तिच्याशेजारी बसायचा.

आजही गावची मुलगी सासरी निघाली की आधी इथं येते. आई आत राहते, लेक कमानीबाहेर पडते. मग आई विचारते, "वाट ओळखशील ना?"

माझ्या लेकीच्या, इंदूच्या वेळी तिची आई हयात नव्हती. आत मी उभा होतो. मी विचारण्याआधी तीच वळून म्हणाली, "ओळखीन, आबा."