खुशालीची खूण

एका दूरच्या बेटावर एकदा एक वृद्ध पाणबुड्या राहत असे. बेटाच्या दक्षिणेला प्रवाळाची भिंत खोल समुद्रात उतरत गेली होती. लोकांना तिथे नेऊन सुखरूप परत आणण्यात त्याचे आयुष्य गेले होते. त्याच्याकडे एक चाळिशीचा शिष्य आला. शिष्याचा धाकटा भाऊ वर्षापूर्वी वारला होता. तेव्हापासून भेटेल तो ‘बरा आहेस ना?’ म्हणून विचारी, पण उत्तर ऐकायला कोणी थांबत नसे. त्या प्रश्नाचा त्याला वीट आला. पाण्याखाली कोणी बोलत नाही, एवढ्यासाठी तो बेटावर आला होता.

पण गंमत पाहा, तो प्रश्न तिथेही होताच. अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल दाखवला की ‘बरा आहेस ना?’ असे विचारणे झाले आणि तसाच गोल परत दाखवला की ‘बरा आहे’ हे उत्तर. वृद्ध थोड्या थोड्या वेळाने विचारी. शिष्य त्याच्याकडे न बघताच, माशी वारावी तसे उत्तर देई.

सहा आठवड्यांनी परीक्षेचा दिवस आला. पास झाला तर इतरांना खाली नेण्याचे काम आणि बेटावर मुक्काम. नापास झाला तर संध्याकाळच्या बोटीने परत, त्या रिकाम्या घरी. दोघे तीस मीटर खाली गेले. शिष्याने एकही चूक केली नाही. मध्ये वृद्धाचा हात हललेला त्याला ओझरता दिसला; त्याने सवयीने गोल दाखवला आणि एका कासवामागे तो पुढे सरकला. पाठीवरच्या टाकीत हवा निम्म्याहून अधिक होती, तरी वृद्धाने अंगठा वर केला. वर चल, अशी ती आज्ञा होती.

होडीत चढल्यावर वृद्ध म्हणाला, “नापास.”

“काका, माझं चुकलं काय?” शिष्याने विचारले.

“कासवामागे गेलास, त्याआधीची माझी खूण गोल नव्हती. मी हात असा केला होता.” वृद्धाने आडवा तळहात होडीसारखा डोलवला. काहीतरी बिघडले आहे, असा त्या खुणेचा अर्थ. “तू ‘बरा आहे’ म्हणालास आणि निघून गेलास. लोक उत्तराला थांबत नाहीत, हे दुःख तूच मला सांगितलंस ना? मग तू तरी वेगळं काय केलंस? बाकी सगळं तुला येतं, बाळा. फक्त सोबतच्या माणसाकडे बघत नाहीस.”

शिष्य शरमला. मग त्याने विचारले, “बिघडलं काय होतं?”

“काही नाही रे. परीक्षाच होती ती,” वृद्ध घाईने म्हणाला आणि दोरी गुंडाळू लागला.

शिष्याने त्याच्याकडे प्रथमच नीट पाहिले. सहा आठवड्यांत या माणसाच्या दारी कोणी आलेले त्याला आठवेना. उंबऱ्याशी चपलांचा एकच जोड असे. त्याने गोल करून हात पुढे धरला, आणि तो खाली न घेता थांबला.

वृद्धाचा हात सवयीने उठला. अंगठा आणि तर्जनी जवळ आली. मग बोटे सुटली, तळहात आडवा झाला आणि हळूहळू डोलू लागला.

शिष्य उठला आणि त्याच्याशेजारी जाऊन बसला. संध्याकाळची बोट त्या दिवशी त्याला न घेताच गेली.